टाळू-उपचारकांना आधी डोके ओळखायला शिकवा : प्रशिक्षण संस्थांना खुले पत्र

प्रति,
केस व टाळूच्या उपचारांचे व्यावसायिक अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांचे संचालक आणि त्यांच्या अभ्यासक्रम समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

केस गळण्यावरील ‘रिजनरेटिव्ह’, म्हणजे मंदावलेल्या केशकूपांना पुन्हा कामाला लावण्याचा दावा करणाऱ्या उपचारांचे अभ्यासक्रम आता आपल्यापैकी बहुतेकांच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतात. पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेट्सनी दाट केलेला प्लाझ्मा टोचणे), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला छिद्रे पाडणे), एक्झोसोम (पेशींतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या) आणि लेझर ही नावे तिथे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेली असतात, जणू ती चारही सारखीच तपासून झालेली आणि सारखीच निर्धोक आहेत. मी स्वतः टाळू-उपचारक आहे, नव्या उपचारकांना शिकवते, आणि आपल्याकडचे प्रमाणपत्र घेऊन आलेल्या मुलामुलींबरोबर रोज काम करते. त्यांच्या हातात कसब असते. यंत्र कसे लावायचे, सुईची खोली किती ठेवायची, ग्राहकाशी कसे बोलायचे, हे त्यांना चांगले येते. समोरच्या डोक्याला नेमके काय झाले आहे आणि त्याला आपण हात लावावा की नाही, हा प्रश्न मात्र वर्गात त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. तो विचारला जावा आणि त्याच्या उत्तरावर परीक्षेतले उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरावे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे.

या उपचारांकडून काय अपेक्षा ठेवता येते तिथून सुरुवात करते, कारण प्रशिक्षणातला घोळ तिथेच सुरू होतो. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केशकूप स्वतःच्या वेळापत्रकाने चालतो. दोन ते सहा वर्षे केस वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ आटोपते, त्यानंतर सुमारे तीन महिने तो केस नुसता अडकून राहतो आणि मग गळतो. अनुवांशिक टक्कल पडताना हे कूप एकाएकी नाहीसे होत नाहीत; डीएचटी या संप्रेरकाच्या परिणामाने त्यांची वाढीची मुदत आखडत जाते, दर फेरीला आधीपेक्षा बारीक केस येतो आणि शेवटी नुसती लव उरते. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ सालीच दाखवून दिले होते की वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, पण घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की त्यांचे केस विरळ होऊ लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात टक्कल पडलेल्या त्वचेतही केशकूपांच्या मूलपेशी टिकून असल्याचे आढळले. घटल्या होत्या त्या त्यांच्यापासून पुढे तयार होऊन केस घडवणाऱ्या पेशी. मंदावलेला कूप पुन्हा जोमात आणता येईल या आशेला आधार आहे तो इतपत.

यापुढचे पाऊल, म्हणजे जिथे कूपच उरला नाही तिथे नवा कूप उभा करणे, अजून प्रयोगशाळेबाहेर आलेले नाही. केसाच्या बुडाशी असलेल्या डर्मल पॅपिलाच्या पेशी वाढवून पुन्हा रुजवल्या तर केसाची वाढ सुरू होते, हे उंदरांवरील प्रयोगांत १९८४ मध्ये दिसले. माणसाच्या पेशी मात्र प्रयोगशाळेतील सपाट बशीत वाढवल्या की हा गुण गमावतात, आणि २०१३ मध्ये त्या पेशी गोळ्यांच्या रूपात एकत्र वाढवून तो गुण अंशतः परत मिळवण्यात यश आले. ‘अंशतः’ हा शब्द संशोधकांचा आहे, माहितीपत्रकांत तो कुठेही येत नाही. नवा केशकूप तयार करून देणारा कोणताही मान्यताप्राप्त उपचार आज उपलब्ध नाही, हे वाक्य आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ग्राहकासमोर न अडखळता म्हणता आले पाहिजे.

आता प्रत्यक्ष खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे येऊ. ‘केस फार गळतात हो’ एवढेच तो सांगतो, आणि त्या एका वाक्यामागे निदान पाच-सहा वेगवेगळे आजार असू शकतात. चाई पडलेल्या जागेच्या कडेला डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग, टेकवला की काही आखूड, तुटके केस दिसतात, टोकाशी जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे. अनुवांशिक टकलात शेजारी-शेजारी जाड आणि बारीक केस मिसळलेले दिसतात आणि त्यांच्या जाडीतला फरक २० टक्क्यांहून जास्त केसांत आढळला की संशय बळावतो. लहान मुलाच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा बूच काढण्याच्या मळसूत्रासारखे पिळलेले केस दिसले तर तो डोक्यातला नायटा असण्याची शक्यता असते. तो संसर्गजन्य असतो, त्याला पोटात घेण्याचे बुरशीविरोधी औषध लागते आणि नुसत्या शांपूने तो जात नाही. व्रण करणाऱ्या टकलाची खूण यांहून वेगळी असते. तिथे त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते, केसांची रंध्रेच दिसत नाहीत आणि कडेच्या उरल्यासुरल्या केसांच्या बुडाशी पांढऱ्या पापुद्र्याची कॉलर असते.

या शेवटच्या प्रकारावर मला थोडे थांबायचे आहे, कारण आपल्या अभ्यासक्रमांची सर्वांत मोठी किंमत तो रुग्ण मोजतो. लायकन प्लॅनोपिलॅरिस किंवा फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशिया यांसारख्या आजारांत दाह थेट केशकूपाच्या त्या भागावर येतो जिथे मूलपेशी असतात. कूप मरतो आणि त्याच्या जागी व्रणाची ऊती भरते. तिथे पुनरुज्जीवन करण्यासारखे काही शिल्लक राहत नाही, म्हणून जे करायचे ते दाह थांबवण्यासाठी, लवकर आणि त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून. निदानासाठी अनेकदा ४ मिलिमीटरची बायोप्सी घ्यावी लागते. फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशियाचे वर्णन प्रथम १९९४ साली झाले. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तो अधिक आढळतो, कपाळावरची केसांची रेषा हळूहळू मागे सरकते आणि बहुतेकींच्या भुवयाही विरळ होतात. ‘भुवया अलीकडे कमी झाल्या आहेत का?’ हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही आणि अर्धा मिनिटही जात नाही. पण हा प्रश्न ठाऊक नसलेला उपचारक त्याच बाईला महिन्याला एक याप्रमाणे सहा बैठकांचे पॅकेज देतो, दाह चालू असलेल्या त्वचेवर सुया फिरवतो, आणि ते सहा महिने तिला नंतर कोणीही परत देऊ शकत नाही.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे टेलोजेन एफ्लुव्हियम. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने घटवलेले वजन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात, माणूस घाबरून आपल्याकडे येतो, आणि कारण दूर झालेले असेल तर बहुतेक वेळा काही महिन्यांत सारे आपोआप ताळ्यावर येते. चाईचे लहान चट्टेही पुष्कळदा स्वतःहून भरतात. म्हणजे उपचारकाने काहीही केले असते, अगदी काहीच केले नसते, तरी ‘नंतरचे’ छायाचित्र सुंदरच आले असते. यात ग्राहकाची फसवणूक होते हे उघड आहे. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती उपचारकाची स्वतःची जी फसगत होते तिची. अशी आठ-दहा डोकी पाहिली की आपल्या हाताला यश आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होते, आणि मग व्रण करणाऱ्या टकलालाही तो त्याच आत्मविश्वासाने हात घालतो. आपल्या जाहिरातींतली ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे तर बऱ्याचदा एक ओल्या केसांचे आणि एक वाळवलेल्या केसांचे असते. तोच भांग, तोच प्रकाश, तेच अंतर, कोरडे केस, एवढी शिस्त शिकवायला एक दुपार पुरते.

उपचारांचे पुरावे शिकवतानाही हीच उणीव दिसते. पीआरपीचेच घ्या. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ती गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून, बाहेर काढली की खाली तांबड्या पेशी बसलेल्या असतात, वर फिकट पिवळा प्लाझ्मा असतो आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ पांढुरकी चकती दिसते. त्या चकतीच्या आसपास प्लेटलेट्स दाटलेल्या असतात, आणि त्यांतून पीडीजीएफ, व्हीईजीएफ यांसारखे वाढीचे घटक बाहेर पडतात. पण नळी किती वेळ फिरवली, किती वेगाने, एकदा की दोनदा, वरचा किती भाग उचलला, यावर हातात येणारे द्रव्य बदलते. रक्तातल्या मूळ प्लेटलेट्स माणसागणिक दर मायक्रोलिटरला दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असू शकतात, ते वेगळेच. अनुवांशिक टकलात पीआरपीने केसांची घनता वाढल्याचे अनेक लहान चाचण्यांत दिसले आहे. मात्र प्रत्येकीची कृती निराळी असल्याने एकीचा निष्कर्ष दुसरीला लावता येत नाही. ‘पीआरपी चालते का?’ या प्रश्नाला ‘कोणते पीआरपी, कोणत्या टकलाला, किती बैठकांनी आणि पुढे किती दिवस?’ असा प्रतिप्रश्न करता येणे, हे मी प्रशिक्षणाचे यश समजेन.

शिवाय रक्त काढणे आणि ते त्वचेखाली परत सोडणे हे वैद्यकीय काम आहे. ते कोणी करायचे हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो, दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र ठरवत नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये २०१८ मध्ये चेहऱ्यावर केलेल्या पीआरपी-मायक्रोनीडलिंगशी ग्राहकांच्या एचआयव्ही संसर्गाचा संबंध असल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २०२४ च्या अहवालात नोंदवले. तपास पथकाला तिथे नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि फ्रीजमध्ये अन्नाशेजारी ठेवलेल्या सापडल्या. त्या स्पामध्ये सेंट्रिफ्यूजही होते. ते चालवता येत होते, हे निराळे सांगायला नको.

मायक्रोनीडलिंगबाबत २०१३ चा एक अभ्यास सगळीकडे दाखवला जातो. त्यात १०० पुरुष होते, मुदत १२ आठवड्यांची होती, आणि नुसते मिनॉक्सिडिल हे केसवाढीचे औषध लावणाऱ्यांपेक्षा मिनॉक्सिडिलसोबत दर आठवड्याला १.५ मिलिमीटर सुयांचा रूळ, म्हणजे डर्मारोलर, फिरवलेल्यांच्या केसांची संख्या बरीच जास्त वाढली. अभ्यास महत्त्वाचा आहे, फक्त तो सांगताना मिनॉक्सिडिलचे नाव गाळले जाते आणि सारे श्रेय सुयांना जाते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे सुयांनी पाडलेल्या छिद्रांतून वाटेल ते द्रव्य आत मुरवायला शिकवणे. त्वचेवर लावण्यासाठी बनवलेले सौंदर्यप्रसाधन त्वचेच्या आत गेले की त्याचे काम आणि त्याचे धोके दोन्ही बदलतात. चेहऱ्यावर मायक्रोनीडलिंग करताना अशी सीरम वापरल्याने त्वचेत ग्रॅन्युलोमाच्या, म्हणजे दाहातून बनणाऱ्या, गाठी उठल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

एक्झोसोमच्या बाटल्या बहुतेक ठिकाणी नेमक्या याच पळवाटेने येतात, लेबलवर ‘बाह्य वापरासाठी’ आणि वर्गात सुयांसोबत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डिसेंबर २०१९ मध्ये एक्झोसोम उत्पादने घेतलेल्या रुग्णांत गंभीर दुष्परिणाम झाल्यावर जाहीर इशारा दिला होता आणि आपण मान्यता दिलेले असे एकही उत्पादन नाही हे त्यात स्पष्ट केले होते. केस उगवण्यासाठी ती टोचण्यास त्यांनी त्यानंतरही मान्यता दिलेली नाही. संशोधनाचा विषय म्हणून एक्झोसोम कुतूहलाचा आहे, मी त्यावर वाचत असते. कौशल्य-प्रमाणपत्राचा विषय म्हणून त्याला आज अभ्यासक्रमात जागा नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लेझरचे प्रकरण त्यामानाने सौम्य आहे. हंगेरीत १९६०च्या दशकात एंड्रे मेस्टर यांना उंदरांवर लेझरचे प्रयोग करताना केस वाढल्याचे योगायोगाने आढळले, आणि २००७ मध्ये पहिल्या लेझर कंगव्याला एफडीएची वाट मोकळी झाली. पण उपकरणाला मिळालेली ती विक्रीची मुभा आणि औषधाला कठोर चाचण्यांनंतर मिळणारी मान्यता यांत फरक असतो, तेवढा विद्यार्थ्यांना नीट समजावून द्यावा.

या सगळ्या चकाकीत जुनी, तपासून झालेली औषधे वर्गात दुय्यम ठरतात. रक्तदाबाची गोळी म्हणून आलेले मिनॉक्सिडिल १९८८ पासून डोक्याला लावण्यासाठी मान्यताप्राप्त आहे, पुरुषांसाठी फिनास्टेराइड १९९७ पासून, आणि तीव्र स्वरूपाच्या चाईसाठी बॅरिसिटिनिब २०२२ पासून. औषध लिहून देणे उपचारकाचे काम नाही, हे मान्य. परंतु डोके जवळजवळ पूर्ण चाईने व्यापलेल्या माणसाला असे औषध अस्तित्वात आहे हे न सांगता पीआरपीची बैठक विकणारा उपचारक त्याच्या वाटेत उभा असतो.

माझ्या मते टाळू-उपचारकाचे खरे काम पुष्कळ मोठे आहे आणि त्याला कमीपणा मानण्याचे कारण नाही. डॉक्टरांकडे नसलेला वेळ आपल्याकडे असतो. गेल्या सहा महिन्यांतला ताप, औषधे, पाळीच्या तक्रारी, घट्ट बांधलेल्या वेण्या, घराण्यातला इतिहास, हे सगळे माणूस आपल्यासमोर निवांत सांगतो. कोंडा आणि सेबोऱ्हिक दाह (टाळूवर तेलकट खपल्या आणणारा दाह) आटोक्यात ठेवणे, घट्ट बांधल्याने ओढ बसून गळणाऱ्या केसांसाठी केशरचना बदलायला लावणे, दर तीन महिन्यांनी एकसारखी छायाचित्रे घेणे ही कामे आपली आहेत. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, हे आधीच सांगून ठेवले तर कितीतरी लोक औषध अर्ध्यावर सोडणार नाहीत. (घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिल तिच्या तोंडी लागता कामा नये, तिला ते फार विषारी ठरते, हेही सांगावे. हे कोणत्याच अभ्यासक्रमात मला आढळलेले नाही.) बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर आपले विद्यार्थी सर्रास विकतात, पण मोठ्या मात्रेत घेतलेले बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात करायच्या ट्रोपोनिनच्या तपासणीत चुकीचे आकडे दाखवू शकते, असा इशारा एफडीएने २०१७ मध्येच दिला आहे. गोळी विकणाऱ्याला निदान हे ठाऊक असावे.

म्हणून अभ्यासक्रम समित्यांना माझे सांगणे आहे की परीक्षेचा केंद्रबिंदू बदला. विद्यार्थ्यासमोर टाळूची छायाचित्रे आणि जोडीला थोडक्यात लिहिलेला पूर्वेतिहास ठेवा, आणि प्रत्येकाबाबत त्याला ठरवू द्या : मी काम करेन, मी थांबून वाट पाहीन, की मी आजच्या आज डॉक्टरांकडे पाठवीन. व्रण करणारे टक्कल आणि लहान मुलांतला नायटा ज्याच्या नजरेतून सुटला त्याला यंत्र हाताळण्याच्या परीक्षेला बसूच देऊ नका, मग बाकीचे गुण कितीही असोत. डॉक्टरांना पाठवायचे पत्र लिहायला शिकवा. काय दिसले, केव्हापासून, आधी कोणते उपचार झाले, एवढे नेमक्या शब्दांत लिहिलेले अर्धे पान रुग्णाचे कित्येक महिने वाचवते, आणि सध्या आपल्याकडून जातात त्या चिठ्ठ्यांवर ‘केस गळणे’ एवढेच लिहिलेले असते. निर्जंतुकीकरण आणि सुईची इजा झाल्यास काय करायचे हे विषय तोंडी न उरकता प्रत्यक्ष करून घ्या. आणि देखरेखीखालची डोकी मोजताना किती बैठका केल्या हे मोजू नका. निदान एक वर्षभर मागोवा घेतलेली किती डोकी आहेत ते मोजा, कारण त्याआधी केसांबद्दल ठामपणे फारसे काही बोलता येत नाही.

एक अडचणीची गोष्टही लिहिणे भाग आहे. अनेक ठिकाणी यंत्र विकणारी कंपनीच वर्ग भरवते, तिचाच माणूस शिकवतो, आणि प्रमाणपत्रावर संस्थेच्या बोधचिन्हाशेजारी तिचे बोधचिन्ह असते. अशा वर्गात ‘हे यंत्र या डोक्यावर वापरू नका’ हे वाक्य कोण उच्चारणार? कंपनीने यंत्राची देखभाल जरूर शिकवावी. रुग्णाची निवड शिकवणारा आणि परीक्षा घेणारा मनुष्य मात्र तिच्या पगारावर नसावा.

यावर आपल्यापैकी काही जण म्हणतील, आणि खासगीत म्हटलेही आहे, की फी भरून आलेल्या विद्यार्थ्याला नकार द्यायला शिकवले तर तो शेजारच्या संस्थेत जाईल. ही भीती खोटी नाही. एकट्या संस्थेने परीक्षा कडक केली तर तिचा तोटा होईल हे मलाही दिसते, आणि म्हणूनच हे पत्र कोणा एका संस्थेला न पाठवता सर्वांना उद्देशून लिहिले आहे. लंडनमध्ये ट्रायकॉलॉजिस्टांची, म्हणजे केस व टाळूच्या उपचारकांची, संस्था १९०२ साली स्थापन झाली. म्हणजे या व्यवसायाने एकत्र येऊन स्वतःचे नियम ठरवणे ही काही अपूर्व कल्पना नाही. सर्वांनी एकच किमान परीक्षा मान्य केली तर शेजारच्या संस्थेत जाऊन विद्यार्थ्याला वेगळे काही मिळणार नाही.

पुढची तुकडी सुरू होण्याआधी प्रत्येक संस्थेने तीन गोष्टी जाहीर कराव्यात अशी विनंती आहे : परीक्षेतील किती गुण डोके ओळखण्याला आहेत, अभ्यासक्रमाला कोणत्या कंपन्यांचे पैसे किंवा यंत्रे मिळतात, आणि शिकवणाऱ्यांपैकी त्वचारोगतज्ज्ञ किती आहेत. परीक्षेसाठी छायाचित्रे हवी असल्यास लेखी संमतीने घेतलेला आणि त्वचारोगतज्ज्ञांनी निदान पक्के केलेला माझा संग्रह कोणत्याही संस्थेला विनामूल्य द्यायला मी तयार आहे. त्यांवर कोणत्याही उत्पादनाचे नाव छापले जाऊ नये, एवढीच अट.

कळावे.

आपली नम्र,
एक टाळू-उपचारक व प्रशिक्षक